कवळीमास्तरांचं बोट

कवळीमास्तरांना मासे आवडत नसत, हे आधीच सांगितलेलं बरं. आवडत नसत म्हणजे खायला. पकडायला मात्र इतके आवडत, की गेली एकवीस वर्षं रविवारची सकाळ त्यांनी तळ्याच्या काठावरच काढली होती. मासा ओढायचा, गळ सोडवायचा आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यायचं. बायको म्हणायची, "सहा दिवस माणसांच्या तोंडात, सातव्या दिवशी माशांच्या. तुमचं तोंडाशिवाय काही चालतच नाही."

मास्तर दातांच्या कारखान्यात होते. नाव कारखाना, पण होत्या तीनच खोल्या, दवाखान्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दातांचे डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवायचे आणि इथली पाच माणसं त्यांवरून कवळ्या तयार करायची. पहिल्या खोलीत प्लास्टरचे साचे ओतायचे, मधल्या खोलीत मेणात दात बसवायचे, आणि शेवटच्या खोलीत मास्तर. त्या खोलीला खिडकी होती, पण काचेवर इतकी पांढरी धूळ बसलेली की बाहेर ऊन आहे की ढग आहेत ते विचारूनच घ्यावं लागे. तिथे बसून मास्तर गुलाबी पावडर आणि नाकात झोंबणारं एक पातळ औषध एकत्र मळायचे, त्याच्या हिरड्या घडवायचे आणि उकळून निघालेली कवळी फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करायचे. चाक दिवसभर किंचाळायचं. घरी गेल्यावरही तासभर ते कानात चालूच असायचं. बायको काही विचारायची, मास्तर "हं" म्हणायचे, आणि आपण कशाला हं म्हटलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं.

कवळी झाली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ते बोट सांगतं. मास्तर उजव्या हाताचं पहिलं बोट कवळीच्या आतून एकदा सावकाश फिरवायचे. केसाएवढा उंचवटा असला तरी बोट तिथे थांबायचं. कारखान्यात त्या बोटाचा दराराच होता. मालक शिकलासवरलेला, वयाने मास्तरांच्या मुलासारखा, पण तोही अडला की कवळी घेऊन यायचा. "मास्तर, जरा बोट लावता?" मास्तर बोट लावायचे, आणि कवळी एक तर डब्यात जायची नाही तर परत चाकावर. बाकी सगळ्यांना हातमोजे घालायची सक्ती होती. मास्तरांना सूट होती, म्हणजे ती त्यांनी स्वतःच घेतली होती. "रबर चढवून काय डोंबल कळणार?" असं म्हणून ते औषधसुद्धा उघड्या बोटांनी मळायचे. एकतीस वर्षं असंच मळत आले होते.

तर हे बोट रविवारी तळ्यावर जायचं.

तळं शहराच्या कडेला, जुन्या पाणीपुरवठ्याचं. सिमेंटचा काठ, गंजलेलं कुंपण, एका बाजूला बंद पडलेली पंपाची खोली. ते पाणी आता कोणी पीत नव्हतं, त्यामुळे तिकडे कोणाचं लक्षही नव्हतं. तिथे जाण्यात सुख होतं ते याच कारणाने. नेहमीची माणसं दोन-तीनच. एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर, हा सतत काहीतरी चघळत असायचा. आणि एक शिवणवाल्या बाई. त्या आठवडाभर लोकांच्या मापांची कटकट ऐकायच्या आणि रविवारी कोणाचं काही ऐकायला लागू नये म्हणून यायच्या. एकमेकांपासून वीस-वीस पावलांवर बसायचं, असा अलिखित नियम होता. येताना "काय?" आणि जाताना "चला," एवढंच बोलणं. एकवीस वर्षांत मास्तरांना त्यांची घरं कुठे आहेत हे माहीत नव्हतं, आणि तरी त्यांच्याइतकं जवळचं त्यांना फारसं कोणी नव्हतं.

बाकीचे दोरीला बुचाचा तुकडा बांधायचे. बूच बुडालं की काठी ओढायची. मास्तरांना त्याचा राग यायचा. "बघूनच मासे पकडायचे तर बाजारात जावं," असं ते म्हणायचे. ते काठी गुडघ्यावर आडवी ठेवायचे आणि दोरी बोटाच्या टोकावरून सोडायचे. मग डोळे मिटायचे. खाली कुठेतरी, दिसत नाही अशा ठिकाणी, मासा आमिषाला तोंड लावायचा आणि ते वरती बोटाला कळायचं. टुक. थोडा वेळ काहीच नाही. मग टुकटुक. त्या वेळी डोक्यातलं चाक बंद पडायचं. आठवड्यात तेवढाच वेळ. खरं तर मास्तरांना मासा नकोच होता, त्यांना ती टुकटुक हवी होती. मासा आपला शिष्टाचार म्हणून ओढायचा.

आणि मग मासे लागेनासे झाले.

पहिल्या दोन रविवारी मास्तरांनी मनाला लावून घेतलं नाही. पाणी गार असेल. मग गढूळ असेल. मग आमिष जुनं झालं असेल म्हणून त्यांनी दुसरीकडून गांडुळं आणली. दोरी बदलली, गळ बदलले, जागा बदलून पार पंपाच्या खोलीमागे जाऊन बसले. दोन महिने, चार महिने, सात महिने. तासन्‌तास डोळे मिटून बसायचे आणि बोटावर काही म्हणजे काही यायचं नाही. गळ वर काढला की आमिष मात्र फस्त झालेलं असायचं. "खेकडे," असा मास्तरांनी निकाल दिला. त्या तळ्यात कोणी कधी खेकडा पाहिला नव्हता, पण मास्तरांचं एकदा ठरलं की ठरलं.

सातही महिने डोक्यातलं चाक बंद पडलं नाही. झोप उडाली. घरात भांडं पडलं तरी ते अंगावर धावून जायला लागले. बायको एकदा म्हणाली, "अहो, मग रविवारी घरीच थांबा की. पाय पसरून पडा." मास्तर तिच्याकडे असे बघत राहिले की तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

कारखान्यातही काही धड चाललं नव्हतं. कवळ्या परत यायला लागल्या होत्या. डब्यावर चिठ्ठी असायची, "लागते." कुठे आत लागते, कुठे जिभेला लागते. मास्तर कवळी घ्यायचे, आतून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "लोण्यासारखी आहे. लोकांची तोंडंच नाजूक झालीत हल्ली." एक म्हातारी तर तीनदा परत पाठवून चौथ्यांदा स्वतःच जिना चढून आली. तिने तोंड उघडून हिरडीवरचा लाल चट्टा दाखवला. मास्तर म्हणाले, "आजी, सवय करा. नव्या चपला नाही का चावत?" म्हातारी कवळी रुमालात गुंडाळून जिना उतरून गेली.

तळ्याचं असं आणि लोकांच्या तोंडांचं तसं. सगळं जग बिघडलं होतं, बोट तेवढं शाबूत होतं. निदान मास्तरांचा हिशेब असा होता.

शेवटी त्यांनी अर्ज लिहिला. मास्तरांचं अक्षर चांगलं. "महोदय, सदर तळ्यातील मासे पूर्णपणे नष्ट झालेले असून पाण्यात काहीतरी घातक मिसळत असल्याची दाट शंका आहे. तरी कृपया तातडीने लक्ष घालावे." एका रविवारी कागद घेऊन ते वीस पावलं चालून ड्रायव्हरकडे गेले, मग बाईंकडे. नियम मोडून. ड्रायव्हरने कागद वाचला, मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चघळणं थांबवलं आणि सही केली. बाईंनी चष्मा शोधायचं नाटक केलं, मग त्यांनीही केली.

सोमवारी मास्तर स्वतः पाण्याच्या ऑफिसात जाऊन अर्ज देऊन आले. पोच घेतली. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

पुढे पाच-सहा आठवडे काहीच झालं नाही, आणि मग एका रविवारी सगळं झालं. मास्तरांची गांडुळं संपली म्हणून ते ड्रायव्हरकडे मागायला गेले. ड्रायव्हर डबी पुढे करता करता थांबला.

"मास्तर, हात बघा. रक्त."

मास्तरांनी हात बघितला. गळ त्यांच्या पहिल्या बोटाच्या टोकात रुतला होता, अगदी टोकाजवळच्या उलट्या काट्यासकट. दोरी खाली लोंबत होती, आणि सिमेंटवर त्यांच्या मागे वीस पावलं लाल थेंब पडले होते.

"लागलं नाही तुम्हाला?"

"कुठे?" मास्तर म्हणाले.

ड्रायव्हरने पिशवीतून पक्कड काढली. असा गळ सरळ ओढून निघत नाही, पुढे ढकलून दुसरीकडून बाहेर काढायचा आणि काटा तोडायचा. मोठा गडीही त्यात ओरडतो. मास्तर शांतपणे बघत होते, जणू दुसऱ्याच्याच बोटाचं काहीतरी चाललंय. काटा कातडी फाडून वर आला तेव्हा ओरडला तो ड्रायव्हर.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि बोटांवर टाचणी टेकवून विचारलं, "कळतंय?" मास्तर म्हणाले, "अजून लावली कुठे तुम्ही?" बायको शेजारी बसली होती. तिने तोंडाला पदर लावला, त्यावरून मास्तर काय ते समजले.

"काय काम करता?" डॉक्टरांनी विचारलं. मास्तरांनी सांगितलं. औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. ते औषध कातडीतून आत जातं, टोकाच्या नसा मारतं, त्यात वर चाकाची थरथर.

"हातमोजे नव्हता घालत?"

"घातले तर बोटाला कळत नाही, डॉक्टर."

 बोटाची जाणीव परत येईल का, असं बायकोने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वाढणार नाही एवढं आपण बघू. गोळ्या लिहून दिल्या. मास्तरांनी त्या कागदाची घडी केली, तेव्हा घडीची कडसुद्धा आपल्याला लागत नाही हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. किती दिवस लागत नव्हती, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकाला खरं ते सांगून टाकलं. मालक भला माणूस. त्याने काढून टाकलं नाही, पहिल्या खोलीत टेबल दिलं. आता मास्तर तयार कवळ्या डब्यात भरायचे आणि डब्यावर डॉक्टरचं नाव चिकटवायचे. शेवटच्या खोलीत नवा माणूस आला, हातमोजे घालून. त्याचं चाक भिंतीपलीकडून ऐकू यायचं. त्या म्हातारीचा पत्ता शोधून तिला नवी कवळी करून द्यावी असं मास्तरांच्या फार मनात होतं. त्यांनी तिच्या दातांच्या डॉक्टरकडे चौकशी केली, तर म्हातारी नंतर आलीच नव्हती. बिनदातांची राहिली असेल, किंवा तशीच लागणारी कवळी घालून जेवत असेल. दोन्हीपैकी कशाचाही विचार आला की मास्तरांना घास गिळवायचा नाही.

एवढं होऊनही त्यांना अजून एक गोष्ट सुचली नव्हती. ती नोटीस होऊन तळ्याच्या फाटकावर लावलेली होती.

"तळ्यातील मासे नष्ट झाल्याबाबत नागरिकांच्या लेखी तक्रारीवरून" असं वरच लिहिलं होतं. खाली, एक तारखेपासून तळं बंद, पाणी पूर्ण उपसणार, गाळ काढणार, तळाला सिमेंट करणार, पुढील आदेशापर्यंत आत येण्यास मनाई. मास्तरांनी ते उभ्याने तीनदा वाचलं. मग रविवार असल्याचं विसरून तडक ऑफिसात गेले, बंद दारापुढे तासभर उभे राहिले आणि सोमवारी परत गेले.

क्लार्कने फाइल काढली. "तुमचाच अर्ज आहे. काम झालं की तुमचं. अजून काय?"

"साहेब, तळ्यात मासे आहेत."

"तुम्हीच लिहिलंय, पूर्णपणे नष्ट."

"ते मला तसं वाटलं होतं. माझं बोट बधिर झालं होतं. मासे येत होते, मला कळत नव्हतं."

क्लार्कने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. थट्टा नाही हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याचा आवाज थोडा मऊ झाला. "काका, बोटाचं कारण मी फाइलमध्ये कुठे लिहू? वरून मंजुरी आली, माणसं ठरली, पंप ठरले. असे अर्ज मागे नाही घेता येत."

"पण पाणी उपसल्यावर मासे दिसतील ना तुम्हाला! तडफडून मरतील ते!"

"दिसले तर बघू," क्लार्क म्हणाला आणि फाइल बांधली.

शेवटच्या रविवारी मास्तर काठी घेऊन गेले ते सवयीने. गळाला आमिष लावलं, पण दोरी पाण्यात सोडून नुसतेच बसले. मग उठले, आणि ड्रायव्हर आणि बाई यांच्या मधोमध, दोघांना ऐकू जाईल असे उभे राहिले. रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवेना.

"मासे होते," ते म्हणाले. "सगळा वेळ होते. माझं बोट गेलं होतं. मी तुमचं तळं घालवलं."

 ड्रायव्हर चघळत पाण्याकडे बघत राहिला.

"आम्हाला माहीत होतं," शेवटी बाई म्हणाल्या. "मासे आहेत हे. तुम्ही कागद आणलात त्या दिवशी माझ्या पिशवीत दोन होते. मी पिशवी पायाने मागे सारली."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग सही का केलीत?"

"सात महिने तुम्ही ज्या तोंडाने परत जात होतात, मास्तर, ते बघवत नव्हतं. वाटलं, तेवढंच तुमचं समाधान."

"आणि मी तीस वर्षं बस चालवली," ड्रायव्हर म्हणाला. "प्रत्येक गाडीत तक्रारवही असायची. त्यातलं एक पान कधी कोणी वाचलेलं मी पाहिलं नाही." तो बाजूला थुंकला. "हेच नेमकं वाचलं मेल्यांनी."

हसू येण्यासारखं होतं. तिघांपैकी एकालाही आलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना जरा बरं वाटलं असतं, पण ती दोघं गुन्हेगारासारखी खाली मान घालून बसली होती, आणि ते बघून मास्तरांना रडूच फुटलं. भर सकाळी, काठावर उभे राहून, नाक ओढत, पंचावन्न वर्षांचा माणूस रडला. आता रविवारी काय करायचं, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. आणि सोमवार ते शनिवार तर त्याहून नाही.

बाई उठल्या. मास्तरांची काठी आणून त्यांच्या हातात दिली आणि तिथेच, स्वतःच्या शेजारी, त्यांना बसवलं. "माझीही बोटं सुयांनी टणक झालीत," त्या म्हणाल्या. "दोऱ्याचं टोक फुटलंय की धड आहे, मला बोटाला नाही कळत. ओठाला लावून बघते मी. तुम्ही लावून बघा."

"काहीतरीच," मास्तर म्हणाले. "येड्यासारखं दिसेल."

"कोण बघतंय? उद्या तर कुंपण लागणार."

मास्तरांनी ओली दोरी दोन्ही ओठांमध्ये धरली. तिला शेवाळाची चव होती. आपण अगदीच खुळे दिसत असणार, असं वाटून त्यांनी डोळे मिटले. ऊन वर चढलं. ड्रायव्हरही त्यांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. बराच वेळ काही झालं नाही.

मग ओठाला कळलं. टुक.

मास्तर हलले नाहीत. टुकटुक. इतकं स्पष्ट, की बोटालाही कधी इतकं कळलं नव्हतं. डोक्यातलं चाक मंद झालं, अजून मंद झालं आणि बंद पडलं. त्यांनी काठी ओढली नाही. खाली मासा आमिष कुरतडत होता आणि वर मास्तरांच्या बंद पापण्यांखालून पाणी वाहत होतं. बाईंनी ड्रायव्हरला कोपराने ढोसलं. त्याने मान हलवली.

फाटकावर शिट्टी वाजली. नवा रखवालदार काठाने चालत आला. माणूस वाईट नव्हता, नुसता कामावर होता.

"चला, आवरा आता. पंप आलेत, उद्या पहाटे सुरू करणार." मग तिघांना असं ओळीने बसलेलं बघून तो जरा थांबला. "पण मला एक सांगा, तुम्ही बसता तरी कशाला इथे? या तळ्यात मासेच नाहीत. कोणीतरी लिहून दिलंय ना तसं."

ड्रायव्हर आणि बाई, दोघांनी मास्तरांकडे पाहिलं. दोरी थरथरत होती. मास्तरांना खूप काही सांगायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर ती सुटली असती.